पाठमोरं पोस्टर

लघुपट ही वस्तू जेवढी लघु, तेवढं तिचं पोस्टर गुरू, असा अलीकडे नियमच होऊन बसला आहे. सिनेमा नऊ मिनिटांचा आणि पोस्टरवर खल नऊ आठवडे! पूर्वी घरात मूल जन्माला आलं की मग पेढे यायचे. आता पेढे आधी येतात, बारसंही उरकतं, आणि मूल कधी बघायला मिळेल म्हणून विचारावं तर ‘ते सध्या फेस्टिव्हलांना गेलंय’ असं उत्तर येतं. गेल्या तीन वर्षांत माझ्या फोनवर ओळखीच्या आणि बिनओळखीच्या होतकरू दिग्दर्शकांची पन्नासेक पोस्टरं तरी येऊन पडली असतील. त्यांतले लघुपट पाहायला मिळाले ते मोजून पाच. तेव्हा माझा अधिकार पोस्टरांपुरताच आहे, हे आधी सांगून टाकतो. पुस्तक न वाचता त्याचं परीक्षण लिहिण्याची परंपरा आपल्याकडे चांगली जुनी आणि सन्माननीय आहे. मी बिचारा निदान पोस्टर बघून पोस्टरवरच लिहितो आहे.

ही पन्नास पोस्टरं एका ओळीत मांडली तर पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती पाठ. माणसाची पाठ. समुद्राकडे बघणारी पाठ, रुळांवरून लांब चाललेली पाठ, खिडकीशी उभी राहून पाऊस बघणारी पाठ, शाळेचं दप्तर लावलेली छोटी पाठ आणि शाल पांघरलेली म्हातारी पाठ. एका पोस्टरवर बैल होता, तोही पाठमोरा. उद्या मराठी लघुपटसृष्टीचा एकत्रित फोटो काढायचा झाला, तर फोटोग्राफरला मंडळींच्या मागे जाऊन उभं राहावं लागेल आणि ‘हसा’ म्हणायची सोयच नाही.

ही पाठ मुळात आपली नव्हे. १८१८ च्या सुमाराला कास्पर डेव्हिड फ्रीडरिख नावाच्या जर्मन चित्रकारानं कड्यावर उभा राहून धुक्याचा समुद्र बघणारा एक गृहस्थ रंगवला. लांब कोट, हातात काठी आणि पाठ आपल्याकडे. चित्र थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्या गृहस्थापुढे निदान अख्खा डोंगरमुलूख होता. आमच्या पोस्टरवरच्या गृहस्थापुढे बहुधा खडकवासल्याचं धरण असतं.

पाठ का, असं मी दोघा-तिघांना विचारून पाहिलं. एक म्हणाला, गूढ वाटतं. दुसरा म्हणाला, आमचा नट कुणाला माहीत नाही, त्याचा चेहरा लावून काय उपयोग? हा दुसरा प्रामाणिक होता, पण त्याचं तर्कशास्त्र काही मला झेपलं नाही. ज्याचा चेहरा कुणी ओळखत नाही, त्याची पाठ कोण ओळखणार आहे? माझा आपला अंदाज वेगळा आहे. पाठीला अभिनय करावा लागत नाही. माणूस पाठमोरा उभा केला, वर थोडं रिकामं आभाळ ठेवलं, की एकटेपणा आपोआप तयार. पाकिटातलं सूप जसं, गरम पाणी घाला आणि ढवळा.

गंमत अशी, की पोस्टर ही चीज जगात आली तीच मुळी लघुपटासाठी. १८९६ साली मार्सेलँ ओझोल या फ्रेंच चित्रकारानं ल्युमिएर बंधूंच्या एका सिनेमाचं पोस्टर केलं. एका विशिष्ट सिनेमासाठी काढलेलं पहिलं पोस्टर म्हणून त्याचंच नाव घेतात. हा सिनेमा पुरता एक मिनिटाचाही नाही. एक माळी नळीनं झाडांना पाणी घालतो आहे, मागून एक कार्टं येऊन नळीवर पाय देतं, पाणी का थांबलं म्हणून माळी नळीच्या तोंडात डोकावतो, कार्टं पाय काढतं, आणि माळीबुवा न्हाऊन निघतात. मग पाठलाग, पकडापकडी आणि कार्ट्याला प्रसाद. संपलं. तेव्हा सगळेच सिनेमे असे लघुपट होते. कुणाला तसं म्हणायचं सुचलं नव्हतं, कारण दीर्घपट अजून जन्माला यायचे होते. त्याच वर्षी ७ जुलैला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएरचा खेळ झाला, तेव्हाही रुपया मोजून लोकांनी असे सहा तुकडेच पाहिले.

तर ओझोलचं ते पोस्टर. आजच्या एखाद्या दिग्दर्शकाला दाखवलं तर तो कपाळाला हात लावील. एक तर शेवट फोडून टाकलेला! पडद्यावर माळ्याच्या तोंडावर पाणी उडतानाचाच क्षण रंगवला आहे. गूढ वगैरे काही नाही. दुसरं म्हणजे पोस्टरची मोठी जागा सिनेमाला दिलेलीच नाही, ती प्रेक्षकांना दिली आहे. पडद्यासमोर बसलेली माणसं, बायका, पोरं, सगळी खदखदून हसताहेत. आता विचार करा, १८९६ साली पॅरिसच्या रस्त्यानं जाणाऱ्या माणसाला सिनेमा म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. त्याला माळी दाखवून काय कळणार? म्हणून चित्रकारानं त्याला तोच दाखवला. तू इथे असा बसशील, समोर हे असं दिसेल, आणि तू असा हसशील. रस्त्यातल्या माणसाचा हात धरून खुर्चीत नेऊन बसवणारं पोस्टर आहे ते. त्याच्यानंतर इतकी पोस्टरं झाली, पण प्रेक्षकाचा इतका मान ठेवणारं माझ्या पाहण्यात नाही.

आमच्याकडेही सुरुवात अशीच रोखठोक होती. ५७ हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, आणि दाम फक्त तीन आणे, अशा अर्थाची फाळक्यांची ‘राजा हरिश्चंद्र’ची जाहिरात प्रसिद्धच आहे. १९१३ सालच्या गिऱ्हाइकाला मैलांची आणि आण्यांची भाषा कळत होती, तीच फाळके बोलले. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी कंपनी काढली, कॅमेरा घरी बनवला, आणि पोस्टरंही स्वतः रंगवली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं पोस्टर आज शिल्लक असलेल्या सगळ्यांत जुन्या भारतीय पोस्टरांत मोजतात. नंतरच्या हिंदी सिनेमाच्या रंगवलेल्या पोस्टरांवर तर नाव तीन-तीन लिप्यांत असायचं: नागरी, रोमन आणि उर्दू. रस्त्यानं जाणारा कोण आहे, त्याला काय वाचता येतं, याची ती चौकशी होती. त्या पोस्टरांना भडक म्हणून नाकं मुरडणारे पुष्कळ होते. आमच्या शाळेचे ड्रॉईंगमास्तरच त्यांत पुढे असत. पण हिरोचा अर्धा चेहरा निळा आणि अर्धा नारिंगी रंगवणारा तो कारागीर फळीवर लोंबकळत, पन्नास फुटांवरून बसमधून जाणाऱ्या माणसाला सेकंदाभरात काय दिसेल याचा विचार करत होता. उगाच नाही त्या फळीवरून एक हुसेन खाली उतरला! दुसऱ्यांच्या सिनेमांचे बोर्ड रंगवून पोट भरणाऱ्या त्याच मकबूल फिदा हुसेनच्या स्वतःच्या लघुपटाला १९६७ साली बर्लिनमध्ये गोल्डन बेअर मिळालं. नुसती राजस्थानातली चित्रं. पोस्टर रंगवता रंगवता लघुपटापर्यंत पोचायचा हा रस्ता आता बंद झाला असावा. आता लघुपट करता करता लोक पोस्टरापर्यंत पोचतात आणि तिथेच राहतात.

मधल्या काळात फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट थेटरात मुख्य सिनेमाच्या आधी सक्तीनं दाखवत. त्यांचं पोस्टर थेटराबाहेर लावलेलं मला तरी आठवत नाही. गरजच नव्हती. प्रेक्षक आयता आत कोंडलेला, आणि तोही अंधारात स्वतःची खुर्ची शोधण्यात गुंतलेला. त्या काळात काही फार सुंदर लघुपट आम्ही लोकांच्या पायांवर पाय देत देत पाहिले. (१९४८ साली निघालेली ती संस्था २०२२ मध्ये एन.एफ.डी.सी.त विलीन झाली. खुर्च्या मात्र अजून अंधारातच शोधाव्या लागतात.)

आता आजच्या पोस्टरातला दुसरा अवयव: पानं. पाठमोऱ्या माणसाच्या डोक्यावर, जिथे पूर्वीच्या चित्रांत देव पुष्पवृष्टी करीत, तिथे दोन-दोन पानांच्या डहाळ्या कंसासारख्या काढलेल्या असतात आणि त्यांच्या मध्ये एखाद्या महोत्सवाचं नाव असतं. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्यांदा असं पोस्टर पाहिलं तेव्हा ‘यात तमालपत्रं कशाला?’ म्हणून विचारलं. ती काही फार चुकली नव्हती. ग्रीक लोक विजेत्याला ज्या झाडाच्या पानांचा मुकुट घालत, ते झाड आपल्या तमालपत्राच्याच कुळातलं. ‘पिस्तुल्या’ किंवा ‘गिरणी’सारख्या लघुपटांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, त्यांनी डोक्यावर पानंच काय, अख्खं झाड लावलं तरी कुणी तक्रार करणार नाही. पण आता दर महिन्याला बक्षीस वाटणारे महोत्सव निघाले आहेत. प्रवेश फी भरा, पानं घेऊन जा. मी एका पोस्टरवर एकोणीस पानजोड्या मोजल्या. मधला पाठमोरा मुलगा बिर्याणीत हरवल्यासारखा दिसत होता.

ही पानं कुणासाठी? रस्त्यातल्या माणसासाठी नक्की नाहीत. त्याला पत्ता नसलेल्या महोत्सवाशी काय देणंघेणं? ती पुढच्या महोत्सवाच्या निवडसमितीसाठी असतात. एका डहाळीनं दुसऱ्या डहाळीला हाक मारायची. तीच गोष्ट तळाशी असलेल्या नावांच्या ठोकळ्याची. ती उंच, अरुंद, भुकेलेली अक्षरं तुम्ही पाहिली असतील. हॉलिवूडमध्ये त्याला कारण आहे. नटाचं, लेखकाचं नाव सिनेमाच्या नावाच्या किती पट उंच हवं हे तिथे करारात लिहिलेलं असतं. उंचीचा करार असतो, रुंदीचा नसतो. म्हणून त्यांनी युक्ती केली, अक्षरं उंच ठेवली आणि दाबून बारीक केली. आमच्या लघुपटात करार कुठला! कॅमेरामन मित्र, साऊंडवाला मित्राचा मित्र, आणि जेवण आईचं. तरी अक्षरं मात्र करार केल्यासारखी उपाशी. पुन्हा हे पोस्टर छापून भिंतीवर लागणार असतं तर गोष्ट वेगळी. ते बघायचं फोनवर, दोन इंचांत. तिथे ती नावं म्हणजे पोस्टरच्या पायाशी मुंग्या लागल्यासारख्या दिसतात.

इतकी प्रस्तावना केली, कारण आमच्या घरातच एक पोस्टर निघालं. माझ्या भाच्यानं अकरा मिनिटांचा एक लघुपट केला. फाळक्यांच्या भाषेत सांगायचं तर सेकंदाला २४ च्या हिशेबानं १५ हजार ८४० फोटोंचा खेळ, आणि फितीवर असता तर ९९० फूट, म्हणजे बरोबर दीड फर्लांग लांबीचं चित्र. नाव ‘कडी’. सदाशिव पेठेतल्या ज्या वाड्यात आम्ही भावंडं वाढलो तो आता पाडायचा आहे. माझी आई, म्हणजे भाच्याची आजी, लग्न होऊन तिथे आली त्याला एकसष्ट वर्षं झाली. सिनेमा तिच्यावर आहे, आणि काम तिनंच केलंय. वाडा सोडायच्या संध्याकाळी एक म्हातारी सवयीनं एकेका खोलीची कडी लावत पुढे येते आणि पुढच्या दाराशी येऊन थबकते. आतून कडी लावायची तर आत कुणीतरी राहायला पाहिजे. बाहेरून कुलूप लावायचं तर कुलूप नाही, कारण या घरात कायम कुणी ना कुणी असायचंच. बस, एवढंच. मी पाहिलेल्या पाच लघुपटांतला हा एक. मामा असूनही सांगतो, चांगला आहे.

पोस्टर मात्र यायचं तसंच आलं. आई पाठमोरी. पुढे अंधारं दार, वर रिकामी भिंत, भिंतीवर दोन पानजोड्या (‘अजून येतील, जागा ठेवलीय’), आणि मधोमध बारीक, दूरदूर बसलेल्या रोमन अक्षरांत सिनेमाचं नाव. मी ते मोठ्यानं वाचलं,

‘‘काडी?’’

‘‘कडी, मामा.’’

‘‘हे काडीही वाचता येतं. वरच्या मजल्यावरचे काका परवा विचारत होते, तुमच्या आईचा कढीवर सिनेमा आलाय म्हणे, कृती सांगितलीय का त्यात?’’

‘‘मामा, बाहेरच्या ज्युरीला देवनागरी वाचता येत नाही.’’

‘‘आणि रोमनमध्ये त्यांना कडी कळते?’’

यावर तो गप्प बसला. पण त्यानं हार मानली नाही. नव्या पिढीचा हा गुण मला आवडतो. पंधरा दिवसांनी त्यानं दुसरं पोस्टर आणलं. यात आई नव्हतीच. काळ्या कागदावर नुसती एक पितळी कडी. म्हणाला, सॉल बासच्या वळणाचं आहे. सॉल बास म्हणजे १९५९ च्या ‘ॲनाटमी ऑफ अ मर्डर’च्या पोस्टरवर माणसाच्या आकृतीचे सुटे सुटे तुकडे मांडणारा अमेरिकन. एक सिनेमा, एक खूण, हा त्याचा बाणा. मी म्हटलं, तुकडे मांडून त्यानं आत काय आहे ते सांगितलं. माणूस चिरायचा सिनेमा आहे हे लहान पोरालाही कळावं. तुझ्या नुसत्या कडीवरून मला काय कळतं? हार्डवेअरच्या दुकानाचं कॅलेंडर. १९५६ चा ‘रेड बलून’ घे, ३४ मिनिटांचा. पोस्टरवर लाल फुगा आहेच, पण फुग्याबरोबर ते पोरही आहे. नुसता फुगा छापला असता तर लोकांना वाढदिवसाचं आमंत्रण वाटलं असतं. वस्तूला माणूस लागतो. सत्यजित राय जाहिरात कंपनीत शिकले आणि पुढे आपल्या सिनेमांची पोस्टरं स्वतः काढत राहिले. त्यांच्या ‘देवी’च्या पोस्टरवर सबंध चेहरा आहे, सरळ आपल्याकडे बघणारा. त्या नजरेपुढून हलणं कठीण.

भाचा म्हणाला, ‘‘मामा, चेहरा लावला की सगळं सांगून टाकल्यासारखं होतं.’’

‘‘मग सांग की! माळ्याच्या तोंडावर पाणी उडतं हे सांगूनही लोक सव्वाशे वर्षं तो सिनेमा बघताहेत.’’

हा वाद वाड्याच्या ओसरीवरच चालला होता. आई आत भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. हात पुसत बाहेर आली, चष्मा वर केला आणि दोन्ही पोस्टरं शांतपणे बघितली. कडीचं बाजूला ठेवलं. पाठमोऱ्यावर बोट ठेवून म्हणाली,

‘‘ही मी का रे बाळा?’’

‘‘हो, आजी.’’

‘‘आंबाडा बरा आलाय.’’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘‘पण पाठ काय लावलीस? एकसष्ट वर्षं या घरानं माझी पाठच पाहिलीय. ओट्याशी उभी, नाहीतर देवापुढे बसलेली. हे सुद्धा पेपरमधनं डोकं वर काढून पाठीशीच बोलायचे. आता एवढा सिनेमा काढलायस, तर तोंड दाखव की.’’

माझं पोस्टरांवरचं सगळं विवेचन, फ्रीडरिखच्या धुक्यासकट, या चार वाक्यांपुढे फिकं आहे, आणि ते मी मोठ्या मनानं मान्य करतो. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यानं त्याच संध्याकाळी, उजेड जायच्या आत, फोटो काढला.

तिसरं पोस्टर त्या फोटोचं. दार अर्धं उघडं, आतला बल्ब मागून, आईचा एक हात कडीवर, आणि आई सरळ तुमच्याकडे बघते आहे. ‘कोण पाहिजे?’ आणि ‘या ना’ यांच्या मधलं तोंड करून. नाव नागरीत, हातानं काढलेल्या अक्षरांत. ‘कडी’तल्या दीर्घ वेलांटीला त्यानं कडीचाच बाक दिला आहे. रोमन नाव खाली, लहान. पानजोड्या दोन्ही कोपऱ्यांत गेल्या. माझ्या तक्रारी संपल्या असं नाही. रंग अजून तोच, आजकालचा निळसर-नारिंगी. वाड्याच्या भिंतींना असा निळा जन्मात कधी लागला नव्हता. आमच्याकडे चुन्यात नीळ टाकायचे, ती वेगळी. आणि आईच्या कपाळावरच्या सुरकुत्या संगणकावर थोड्या पुसल्या आहेत, हे मी ओळखलं. त्यानं कबूल केलं नाही. आईला विचारलं तर म्हणाली, ‘‘राहू दे, मीच सांगितलं त्याला.’’

नावांच्या ठोकळ्यावर मात्र मी अडून बसलो. तिथे सोळा नावं होती. रंगदुरुस्ती करणाऱ्याचं, ड्रोन चालवणाऱ्याचंसुद्धा. (अकरा मिनिटांत ड्रोन कुठे आहे, ते मी अजून शोधतो आहे.) आईचं नाव त्याच गर्दीत, त्याच उपाशी अक्षरांत, बाराव्या नंबरवर. ते वर काढलं, एकटं, जाड अक्षरांत. भाचा म्हणाला, असं फक्त स्टारचं असतं. मी म्हटलं, मग बरोबर आहे.

फोनवर पाठवण्याआधी एक तरी कागदावर छाप, म्हणून मी हट्ट धरला, आणि खर्च केला. ३० इंच बाय ४० इंच, जुन्या थेटरांबाहेर लागायचं तेवढं. ते वाड्याच्या दिंडीदरवाज्याशेजारी चिकटवलं. आणि तिथे त्याला शेजार मिळाला तो बिल्डरच्या बोर्डाचा. हेही एक पोस्टरच, अजून न निघालेल्या सिनेमाचं. सात मजली इमारत, पुण्यात कधी न दिसणारं आभाळ, खाली हिरवळ, आणि गॅलरीत एक गोरं कुटुंब खदखदून हसतंय. ओझोलच्या प्रेक्षकांसारखंच, फक्त यांच्यापुढे माळी नाही. तळाशी मुंग्यांच्या अक्षरांत लिहिलं आहे की वरील चित्र कलाकाराच्या कल्पनेतलं असून झाडं, माणसं वगैरे प्रत्यक्षात असतीलच असं नाही. टीकाकार म्हणून मला हा तळटीपेचा प्रामाणिकपणा आवडला. लघुपटवाल्यांनीही तो घ्यायला हरकत नाही: ‘पोस्टरवरील गूढता सिनेमात असेलच असं नाही.’

दोन दिवस मी त्या भिंतीसमोरच्या टपरीवर चहा पीत बसलो. अभ्यास म्हणून. बोर्डापुढे लोक थांबत, ते दर विचारायला. ‘कडी’पुढे थांबत ते आईच्या डोळ्यांत बघून, आणि मग नाव वाचून. सगळ्यांनी ते कडी असंच वाचलं, कढीचा प्रश्न मिटला. पहिल्या संध्याकाळी एक रिक्षावाला रिक्षा कडेला घेऊन उतरला, वरपासून खालपर्यंत पोस्टर पाहिलं आणि भाच्याला विचारलं,

‘‘कुठं लागलाय?’’

भाच्याकडे उत्तर नव्हतं. सिनेमा कुठेच लागला नव्हता. परदेशातल्या दोन महोत्सवांचा निकाल यायचा होता आणि त्याआधी जाहीर खेळ केला तर प्रवेश बाद होण्याची भीती होती. त्यानं हे सगळं रिक्षावाल्याला समजावून सांगितलं. रिक्षावाल्यानं ऐकून घेतलं, ‘‘मग चिकटवलाय कशाला?’’ म्हणाला आणि गेला.

संबंध पोस्टरशास्त्रात याहून नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही. थेटरांच्या जुन्या पोस्टरांना खाली एक कोरी पट्टी चिकटवत. त्या पट्टीवर थेटराचं नाव, रोज किती खेळ, वाजता किती. चित्र कितीही भव्य असो, ती दोन बोटांची पट्टी नसेल तर पोस्टर नुसतं शोभेचं. माझ्या फोनवरच्या पन्नासांपैकी एकावरही ती नाही. पाठ आहे, पानं आहेत, सोळा-सोळा नावं आहेत, आणि कुठे, कधी यायचं ते कुणीच सांगत नाही.

आईनं हा सगळा संवाद दारातून ऐकला होता. तिला महोत्सवाचे नियम समजावण्याचा भाच्यानं थोडा प्रयत्न केला. ‘‘त्यांना म्हणावं, आजीचं घर रविवारी रिकामं करायचंय,’’ एवढंच ती म्हणाली. मग बांधलेल्या खोक्यांवर नावं घालण्यासाठी आणलेलं जाड पेन तिनं उचललं, वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली, तिच्या कोऱ्या कडेवर वळणदार अक्षरांत चार ओळी लिहिल्या आणि डिंकानं पोस्टरच्या खाली, पंधराच्या पंधरा नावांवर, नीट चिकटवून टाकली:

‘शनिवारी संध्याकाळी ७ वाजता, याच वाड्यात, चौकात.
पडदा : चादर. तिकीट नाही.
सतरंज्या बांधून झाल्या आहेत,
बसायला आपापलं घेऊन यावे.’